राटा ओढ्यावर तिसरा

७ जानेवारी

नव्या वर्षाचा पहिला रविवार. रेविन नेहमीप्रमाणे नकाशा घेऊन आली. मी आल्याची बिस्किटं करून ठेवली होती. टेबल पुसलं, नकाशा पसरला, कोपऱ्यांवर साखरेचा डबा, मिठाचं भांडं आणि तिचा चष्मा ठेवला. दरवर्षीसारखं फेब्रुवारीत मासे पकडायला जाताना यंदा जंगलातल्या खालच्या झोपडीत उतरायचं आणि तिथून राटा ओढ्याने रोज थोडंथोडं वर जायचं, असं मी म्हणत होते. आता आपण काही तरण्या नाही, सोपी वाट बरी. ती हूं हूं करत होती. निळ्या रेघेवर नुसतं बोट फिरवत होती.

मग म्हणाली, "नोलीन, यंदा आपल्याबरोबर अ‍ॅलिस्टरला न्यावं म्हणते."

अ‍ॅलिस्टर म्हणजे नेल्सन शहरात राहणाऱ्या तिच्या बहिणीचा शेजारी. औषधांचं दुकान होतं, आता विकलंय. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. जून-जुलैच्या हिवाळ्यात ही बहिणीकडे राहायला गेली होती तेव्हापासून हे नाव ऐकते आहे. अ‍ॅलिस्टरने झाडं छाटून दिली, अ‍ॅलिस्टरला सूप आवडलं.

मी म्हटलं, "येऊ दे की. मासे पकडतो का?"

"नाही गं. पण त्याला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"मी फेब्रुवारी आला की अशी वेड्यासारखी का करते, ते."

मी हसले. तिला आणखी चहा दिला. ती गेल्यावर बिस्किटांचा डबा बंद करताना झाकण इतक्या जोरात बसवलं की ते अजून निघत नाहीये.

मला काही फरक पडत नाही. फक्त, सव्वीस वर्षांत तिचा नवरासुद्धा कधी आला नव्हता. ट्रेव्हर म्हणायचा, मासा दुकानात मिळतो, चिलटं चावून घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं? भला माणूस होता. ट्रेव्हर असताना मला कधी असं झालं नाही.

९ जानेवारी

गळाला लावायच्या दोऱ्याच्या खोट्या माश्या बांधायला बसले. हिरव्या भुंग्याची माशी मी डोळे मिटून बांधत आले आहे: मोरपिशी दोरा, गळावर चार वेढे, गाठ. आज तीन बांधल्या आणि तिन्ही कापून टाकल्या. एखाद्या चेंगरलेल्या वाटाण्यासारख्या दिसत होत्या.

माणूस गळाची काठी टाकायलाही येणार नाही, आणि जंगलात तीन दिवस काय करणार? आपल्याकडे बघत बसणार.

आमचं असं असतं: एकीने काठावर उंच उभं राहून पाण्यात मासा शोधायचा, दुसरीने खाली पाण्यात उभं राहून माशी टाकायची. राटाचं पाणी काचेसारखं, आणि मासा दगडाच्या रंगाचा. नीट बघता आलं नाही तर दिवसभर रिकामी चालत राहाल. बघणारी सहसा मी. "काळ्या दगडाच्या दोन हात वर. जरा डावीकडे. आता सोड." आणि ती सोडते. मान वर करून खात्रीही करून घेत नाही. मी सांगेन तिथे माशी पडते.

यात तिसऱ्या माणसाचं काम कुठे येतं, हे मला कुणीतरी सांगावं.

१४ जानेवारी

त्याला घेऊन जेवायला आली. उंच आहे. केस पांढरे, पण भरपूर. हातात माझ्यासाठी टोमॅटो, स्वतः लावलेले. मी व्हाइटबेटची धिरडी केली होती, गोठवून ठेवलेल्या त्या बारक्या माशांची. त्याने चार खाल्ली आणि म्हणाला, "रेविन म्हणाली होती तुमच्या हाताला चव आहे. तिने कमीच सांगितलं."

असलं गोड बोलणं मला झेपत नाही. दुकानदाराची सवय, दुसरं काय.

जेवल्यावर तो न विचारता भांडी घासायला उभा राहिला. आणि रेविन फडक्याने पुसायला त्याच्या शेजारी. माझ्याच स्वयंपाकघरात मी खुर्चीवर पाहुण्यासारखी बसून होते. तो काहीतरी हळूच म्हणाला आणि ती हसली. तिचं हसणं मला पाठ आहे: आधी नाकातून एक फुस्स, मग मोठ्याने. हे तसलं नव्हतं. हे बारीक, घशातलं होतं. हे तिने कुठून आणलं कोण जाणे.

नकाशा काढला तेव्हा मी म्हटलं, "मी विचार केला. खालची झोपडी नको. यंदा पाणी आटलंय, मोठे मासे गारव्याला वर गेले असणार. खिंडीवरून वरच्या झोपडीला जाऊ."

रेविनने माझ्याकडे पाहिलं. "खिंडीवरून? अगं, मागच्या खेपेला आपलीच जीभ बाहेर आली होती. तूच म्हणालीस, पुन्हा नाव काढायचं नाही."

"तेव्हा ओझं जास्त होतं."

"मला चालेल," अ‍ॅलिस्टर म्हणाला. "मी रोज टेकडीवर जातो."

"टेकडी वेगळी," मी म्हटलं. "तुम्ही गुडघ्यांचा विचार करा."

"नोलीन इतकी वर्षं फिरती नर्स होती," रेविन त्याला म्हणाली. "हिला सगळ्यांचे गुडघे दिसतात."

दोघं पुन्हा हसली. मी वरच्या झोपडीभोवती पेन्सिलीने गोल काढला. मासे खरोखरच वर असतात कोरड्या वर्षी. कुणालाही विचारा.

२० जानेवारी

त्याला सराव म्हणून गावाबाहेर पुलाखाली नेलं. काठी टाकायला अजिबात येत नाही! दोर त्याच्या टोपीला गुंडाळला गेला, मग झुडपाला, मग रेविनच्या बाहीला. मला इतकं बरं वाटलं की घरी आल्यावर स्वतःसाठी अंडी भरलेली पेस्ट्री भाजली.

पण तो चिडत नाही. दोर सोडवत म्हणतो, "हे माझं काम नाही. मी आपला किटली सांभाळतो." त्याच्या जागी मी असते तर काठी पाण्यात फेकली असती.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. परत निघताना तो पुलावरून वाकून म्हणाला, "तो मासा आहे का? त्या बुडालेल्या फांदीखाली?" मी म्हटलं, छे, सावली आहे. तेवढ्यात सावली हलली, तोंड उघडून काहीतरी गिळलं आणि पुन्हा फांदीखाली गेली. चांगला दोन किलोचा असेल.

रेविन म्हणाली, "वा! याला नजर आहे की!"

माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं.

२४ जानेवारी

आज नायरीच्या बेकरीत पाव घ्यायला गेले. नायरीला गावातलं सगळं आधी कळतं. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "तुला चुकल्याचुकल्यासारखं होईल गं आता."

"कशाने?"

"रेविन चालली ना नेल्सनला. घर बघायला माणसं येऊन गेली परवा. ग्रेमाउथचं जोडपं. बाईला चूल आवडली नाही म्हणे." मग माझं तोंड बघून तिचे हात थांबले. "तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," मी म्हटलं. "सांगायचं नव्हतं मला कुणाला."

पाव तिथेच विसरले. तशीच रेविनच्या घरी गेले. ती बागेत वाकून घेवड्याच्या शेंगा तोडत होती. मी फाटकातूनच ओरडले, "चूल आवडली नाही म्हणे त्या बाईला!"

ती सरळ उभी राहिली. शेंगांची टोपली पोटाशी धरलेली.

"मी तुला तिकडे वर गेल्यावर सांगणार होते," ती म्हणाली. "ओढ्यावर. नीट बसून. इथे सांगायला जमेना."

"म्हणजे हा निरोपाचा दौरा आहे होय? आणि तोही त्याला बरोबर घेऊन?"

"तुम्ही दोघं एकमेकांना ओळखायला लागाल असं वाटलं मला. वेडीच आहे मी."

"तो तुझ्याशी लग्न करणार आहे?"

"लग्नाबिग्नाचं वय आहे का आमचं? एकत्र राहणार आहोत. नोलीन, ट्रेव्हर गेल्यापासून चार वर्षं मी रात्री रेडिओ चालू ठेवून झोपते आहे."

"मी पलीकडच्या गल्लीत राहते," मी म्हटलं. "रेडिओ कशाला लागतो?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारणार असं वाटलं. मग म्हणाली, "शेंगा ने थोड्या. फार झाल्यात."

नेल्या. अजून सोललेल्या नाहीत.

३ फेब्रुवारी

बांधाबांध. दरवर्षी कढई, किटली आणि चहासाखर मी घेते, तंबूचं कापड आणि दोर ती. यंदा तिचा फोन आला, "कढई अ‍ॅलिस्टर घेतोय, त्याच्याकडे हलकी आहे. तू आपल्या माश्या आणि औषधं घे."

माझी कढई काळी आहे, जड आहे, आणि तिच्यात राटाचे किती मासे तळले गेलेत ते त्या दुकानदाराला काय कळणार? मी तीही घेतली. तळाशी, कपड्यांखाली. जड तर जड.

६ फेब्रुवारी, वरची झोपडी

पोचलो. खिंड चढताना माझ्या तोंडाला फेस आला. त्याला काही झालं नाही. उलट खिंडीच्या माथ्यावर पोचून तो परत खाली आला आणि म्हणाला, "तुमची पिशवी द्या, जरा वेळ मी घेतो." मी म्हटलं, हात लावू नका. मग त्याने रेविनची घेतली. ती मोकळ्या हातांनी गाणं गुणगुणत पुढे गेली, मी मागे लोखंडी कढई वाहत.

झोपडी तशीच आहे. छपराला एक नवीन पत्रा बसवलाय. पोचल्या पोचल्या एका वेका पक्ष्याने अ‍ॅलिस्टरचा मोजा पळवला. भुऱ्या कोंबडीसारखा तो पक्षी तोंडात मोजा धरून पळतोय आणि हा लांब टांगा टाकत त्याच्या मागे! मलासुद्धा हसू आलं. रेविन माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, नाकातून फुस्स करून, आपलं नेहमीचं. तेवढा वेळ चांगला गेला.

७ फेब्रुवारी

आजचा दिवस माझा होता.

अ‍ॅलिस्टर म्हणाला मी झोपडीवरच थांबतो, लाकडं फोडतो, पुस्तक वाचतो. खरंच वाचायचं होतं की आम्हाला मोकळं सोडायचं होतं, कळलं नाही. मी विचारलंही नाही. दोघी सकाळीच वर गेलो. काठच्या राटा झाडांची लाल फुलं ओढ्यात पडलेली. पाणी इतकं नितळ की दगडांवरचं शेवाळ मोजावं. तिसऱ्या डोहात मला तो दिसला. मोठा, पिवळसर, शेपूट अगदी हळू हलवत.

"रेविन, थांब. पाय हलवू नकोस. पांढऱ्या दगडाच्या टोकाशी. टोकाच्या हातभर वर."

"वारा आहे."

"असू दे. वारा पडला की सांगते." वारा पडला. "आता."

तिने सोडलं. हिरवा भुंगा पाण्यावर उतरला, वाहत खाली आला, आणि तो मासा सावकाश वर आला, आणि त्याने तोंड मिटलं. तिने काठी उचलली. नंतर दोघी गुडघाभर पाण्यात, मी जाळी घेऊन, ती ओरडतेय, मी ओरडतेय. जाळीत आला तेव्हा दोघींनी मिळून धरला, पाण्यातच, डोकं प्रवाहाकडे करून. तिचा हात माझ्या हातावर होता. गार पडलेला. मग मासा सोडून दिला. एक लहान ठेवला जेवायला.

दगडावर बसून चहा घेताना ती म्हणाली, "नेल्सनच्या घरात मागे एक खोली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. तुझी म्हणून ठेवणार आहे मी."

"मला पाहुण्यांच्या खोलीत झोप येत नाही."

"तू पाहुणी आहेस का?"

"मग कोण आहे?"

 तिने कपातली चहाची पत्ती ओढ्यात झटकली.

संध्याकाळी त्याने मासा त्याच्या हलक्या कढईत तळला. करपवला. मी माझी कढई काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, सगळ्यांना दिसेल अशी.

८ फेब्रुवारी

पाऊस. इथला पाऊस म्हणजे बोलायची सोय नाही. पत्र्यावर नुसता दणदणाट. ओढा चहाच्या रंगाचा झालाय आणि डोहांतले दगड गडगडताना ऐकू येतात.

पत्ते खेळलो. तो हरतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. दुपारी रेविनच्या पायात गोळा आला तर तो उठून तिची पोटरी चोळायला लागला. बोलता बोलता, सहज. गोळे, मुरगळे, फोड, हे सगळं इतकी वर्षं मी बघत आले. औषधांची पिशवी माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली, आतल्या पट्ट्या नीट लावल्या आणि बंद केली.

बायकोबद्दल बोलला थोडं. आजारपण लांबलं म्हणे. शेवटी ती त्याला ओळखत नव्हती. मी नर्स म्हणून ऐकलं. नर्स म्हणून त्याचं वाईटही वाटलं.

९ फेब्रुवारी, खालची झोपडी

लिहावंसं वाटत नाही. पण आज नाही लिहिलं तर उद्या मी ते वेगळंच आठवेन.

सकाळी पाऊस थांबला. ओढा उतरत होता, पण पुरता उतरला नव्हता. घरी जायची वाट पलीकडच्या काठाने. आमची पार व्हायची जागा ठरलेली आहे, डोहाच्या शेपटाकडे, जिथे ओढा पसरतो आणि खाली बारीक दगड आहेत. पाणी मांडीपर्यंत होतं. रेविन म्हणाली, "तिघं हातात हात अडकवून एकदमच जाऊ." तेच बरोबर होतं. इतकी वर्षं मीच तसं सगळ्यांना शिकवत आले आहे.

मी म्हटलं, "आपल्या दोघींचा पाय जुळलेला आहे. तिसरा मध्ये आला की अडखळायला होतं. आपण आधी जाऊ, मग त्यांना सांगू."

गेलो. एकमेकींच्या कमरेला हात घालून, एक पाऊल तिचं, एक माझं. पलीकडे पोचलो. वळून बघते तर अ‍ॅलिस्टर त्या जागेवर नव्हता. तो काठाने वर गेला होता, जिथे ओढा अरुंद होतो. तिथे पाणी वरून शांत दिसतं, नवख्याला वाटतं तीच सोपी जागा. ती खोल आहे, आणि खालून ओढते. त्याने हात वर करून विचारलं. आवाज ऐकूच येत नव्हता. खुणेने विचारलं, इथून येऊ?

मी हात वर केला आणि मान हलवली. या.

बुडावा असं वाटलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. छातीपर्यंत भिजावा, पिशवी भिजावी, फुरफुरत बाहेर यावा, वेड्यासारखा दिसावा. एकदा तरी तिने त्याला वेड्यासारखा झालेला बघावा. एवढंच.

तिसऱ्या पावलाला तो गेला. डोकं दिसलं, मग पिशवी दिसली, मग काहीच नाही. रेविनची किंकाळी ऐकली. ती काठाने धावत सुटली. मी धावले नाही. ते पाणी कुठे नेऊन टाकतं ते मला माहीत होतं. मी पिशवी टाकली आणि शेपटाकडच्या दगडांत कमरेपर्यंत शिरून उभी राहिले, आणि तो तिथेच आला. पिशवीचा पट्टा हाताला लागला. ओढला. रेविनने दुसरा हात धरला. काठावर पडून तो बराच वेळ पाणी ओकत होता. खांद्याचं हाड मोडलंय, गळ्याकडचं. कपाळाला खोक.

मी हात गळ्यात बांधला, खोक धुतली, पट्टी केली. माझी बोटं जराही थरथरली नाहीत. याचीच मला भीती वाटते आहे.

बोलता यायला लागल्यावर तो माझं मनगट धरून म्हणाला, "तुम्ही नसता तर आज मी गेलो होतो."

रेविन म्हणाली, "तू तिथून का शिरलास रे? का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "मीच चुकलो," तो म्हणाला. "मला नीट दिसलं नाही."

त्याला नीट दिसलं होतं. त्याला फांदीखालचा मासा दिसतो, माझा हात दिसला नसेल?

आता तोच चांगला झाला. तेही मला मिळू दिलं नाही.

११ फेब्रुवारी

काल बाहेर आलो. रेविनने त्याला ग्रेमाउथला इस्पितळात नेलं. मला घराशी सोडलं. गाडीतून उतरताना मी म्हटलं, "कळव हं." ती म्हणाली, "हो." गाडीचा दिवा वळणापर्यंत दिसला.

१९ फेब्रुवारी

फोन नाही. नायरी म्हणते अ‍ॅलिस्टर रेविनकडेच आहे, ती त्याला भरवते. नायरीने मला "तू धन्य गं बाई" म्हणून फुकट केक दिला. सगळं गाव म्हणतंय, नोलीनने माणूस वाचवला. वर्तमानपत्रवाल्या मुलीचा फोन आला होता. घरी कुणी नाही असं सांगून ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी

रेविन बाजारात असणार अशी वेळ बघून गेले. त्यानेच दार उघडलं, हात गळ्यात, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. मला आत बोलावलं. मी दारातच उभी राहून सांगितलं, "मी तुम्हाला चुकीची जागा दाखवली. मुद्दाम."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"पाण्यात पडल्यापासून. आधी नाही. आधी मला आनंदच झाला होता. महिन्याभरात पहिल्यांदा तुम्ही मला 'या' म्हणालात."

मी दाराची चौकट धरली.

"मी तिला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "सांगणारही नाही. पण तुम्ही सांगा. तिने दुसऱ्याकडून ऐकायला नको. आणि..." त्याने बटणांकडे हात नेला, जमेना, सोडून दिला. "मला राग आहे, नोलीन. खूप आहे. मी साधू नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही. मी त्याची बटणं नीट लावून दिली आणि निघाले.

२ मार्च

आज तिला सांगितलं.

तिच्या घरी खोकी भरणं चाललंय. अ‍ॅलिस्टरला त्याच्या मुलाने नेल्सनला नेलंय. ती जमिनीवर बसून बश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी समोर बसले, एक बशी घेतली आणि गुंडाळता गुंडाळता सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"त्याने सांगितलं?"

"मी तुझ्या शेजारी उभी होते, नोलीन. तुझा हात वर गेलेला मी पाहिला."

"मग तू ओरडली का नाहीस? तुला तर ती जागा ठाऊक आहे. माझ्याइतकीच ठाऊक आहे."

आता तिचे हात थांबले.

"तू दाखवलीस म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, पुराने तळ बदलला असेल, हिला काहीतरी दिसलं असेल. तू दाखवलेली जागा चुकीची असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. सव्वीस वर्षं तू सांगशील तिथे मी सोडत आले. वर बघितलंसुद्धा नाही कधी." तिने बशी खाली ठेवली. "आता बघेन. दर वेळी बघेन. हे काय केलंस गं तू?"

मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, "ते नंतर. आधी मला सांग, तुला हवं काय होतं?"

"फेब्रुवारी," मी म्हटलं. "मला फक्त आपला फेब्रुवारी हवा होता."

"खोटं बोलतेस."

मी दुसरी बशी उचलली.

"ट्रेव्हर गेल्यावर चार वर्षं होती तुझ्याकडे," ती म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत राहतेस. एकदासुद्धा म्हणाली नाहीस, रेविन, तुझं घर विक आणि माझ्याकडे ये. मी वाट बघितली. कशाची ते मलाही नीट माहीत नव्हतं, पण बघितली. मग मी नेल्सनला गेले."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते बंद झालं, पुन्हा सुरू झालं. मला म्हणायचं होतं की मलाही नीट माहीत नव्हतं. अजूनही नाही. छातीत काहीतरी अडकलंय आणि त्याला नाव सापडत नाही, नर्स असून. मी एवढंच म्हटलं, "मला विचारता येतं हेच माहीत नव्हतं."

ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझं डोकं तिच्या पोटाशी धरलं, घट्ट, जरा दुखेल इतकं घट्ट. मग सोडलं. "जा आता," म्हणाली. "मला आज तुझ्यासमोर रडायचं नाही."

९ मार्च

सकाळी ट्रक आला. मी गेले. बोलावलं नव्हतं, पण गेले. खोकी उचलली, दोर बांधले, ट्रकवाल्याला चहा दिला. आम्ही दोघी खोक्यांबद्दलच बोललो. हे काचेचं आहे, हे वर ठेव, याला खाली उशी दे.

घर रिकामं झाल्यावर ती एकदा आत फिरून आली आणि किल्ली चौकटीवर ठेवली. गाडीत बसली. काच खाली केली.

मी म्हटलं, "मी येऊ का कधी? त्याला चालणार नसेल तर..."

"त्याचं तो बघेल. त्याला मी विचारेन," ती म्हणाली. "पण इतक्यात येऊ नकोस. फोनही करू नकोस. मला अजून तुझा राग पुरता आलेला नाही, तो येऊ दे आधी. मी सांगेन तेव्हा ये."

गाडी सुरू झाली. ती वळणावर थांबली नाही, हातही केला नाही. मी रस्त्यात उभी राहिले, ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत.

मग घरी आले. अंथरुणाच्या चादरी धुतल्या, वाळत घातल्या, जेवले. आता हे लिहिते आहे. दिवसभर एकच वाक्य उलटसुलट करून बघते आहे. "मी सांगेन तेव्हा" म्हणाली ती. "सांगितलं तर" नाही म्हणाली.